उपरती झाली म्हणजे नेमके काय झाले?

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात एक वाक्य वरचेवर कानावर पडायचे. कुणाचा मुलगा पाच वर्षे रुसून वेगळा राहिला आणि एखाद्या दिवाळीला पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, की ओसरीवरच्या बायका म्हणत, "झाली बाई उपरती एकदाची!" उपरती म्हणजे चूक कळणे, उशिरा का होईना जाग येणे. आजच्या मराठीत हा शब्द एवढ्याच कामापुरता उरला आहे. त्यामुळे पुढे वेदान्ताच्या वाचनाला बसू लागले आणि "वैराग्य, बोध, उपरती" हे तीन शब्द एका दमात ऐकले, तेव्हा मला वाटले, क्रम चुकलाय. माणसाला आधी पश्चात्ताप व्हावा, मग शहाणपण यावे आणि मग कुठे वैराग्य.

क्रम बरोबर होता. शब्दांचे अर्थ माझ्याकडे चुकीचे होते, आणि माझ्या अनुभवाने सांगते, बहुतेकांकडे तसेच असतात. म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करू.

उपरतीत "रम्" धातू आहे, आपल्या "रमणे"मधला. विराम, आराम, उपरम ही सगळी त्याचीच भावंडे. मन बाहेर कशात तरी रमलेले असते. ते रमणे आटोपून मन परत येते, विसावते, ती उपरती. खेळून दमलेले मूल दिवेलागणीला हाक न मारताही घरी येते, तसे. बृहदारण्यक उपनिषदात आत्मा पाहू इच्छिणाऱ्याची लक्षणे दिली आहेत, शान्त, दान्त, उपरत, तितिक्षु, समाहित. त्यातला "उपरत" तो हाच. पश्चात्तापाचा तिथे संबंध नाही.

वैराग्याचा घोटाळा मराठी माणसाच्या बाबतीत जरा जास्तच होतो, कारण आपल्याकडे राग म्हणजे संताप. "एवढे वैरागी म्हणवतात आणि चिडतात कसे?" हा प्रश्न त्यातूनच येतो. संस्कृतात राग म्हणजे रंग; रंगणे या अर्थाचा "रंज्" धातू त्याच्या मुळाशी आहे. मन एखाद्या वस्तूच्या रंगात भिजले की तो राग, आणि तो रंग उतरला की विराग. रंग उतरायला कापड फाडावे लागत नाही. घरदार, नाती, ताटातले जेवण सगळे जागच्या जागी असते; मनाला चढलेला त्यांचा रंग तेवढा उतरतो.

तिसरा शब्द ज्ञान, किंवा बोध. त्याची आपण माहिती करून टाकली आहे. सकाळी फोनवर येणाऱ्या सुविचारालाही आपण ज्ञान म्हणतो.

या तिघांची सगळ्यांत स्वच्छ फोड मला "पंचदशी"त सापडली. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या नावावर हा ग्रंथ आहे. हे शृंगेरी पीठाचे आचार्य. नावाप्रमाणे पंधरा प्रकरणे, त्यांत पाच विवेक, पाच दीप आणि पाच आनंद. सहावे प्रकरण "चित्रदीप". त्याच्या शेवटाकडे विद्यारण्य वैराग्य, बोध आणि उपरती यांना शेजारी शेजारी बसवतात आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारतात. तू कशामुळे येतोस? तू आहेस तरी काय? आणि तू आलास हे ओळखायचे कशावरून? वैद्य रोगाला विचारतो तसे हे विचारणे आहे, हेतू, स्वरूप आणि कार्य.

वैराग्य येते दोषदृष्टीतून. त्याचे स्वरूप म्हणजे सोडून देण्याची इच्छा. आणि खूण अशी, की भोगांपुढे मन पुन्हा दीनवाणे होत नाही. संस्कृत शब्द आहे "अदीनता". मला तो फार आवडतो. भोग घेतला की नाही, याला इथे महत्त्व नाही. त्याच्यापुढे तुम्ही हात पसरून उभे होता का, एवढेच पाहायचे.

दोषदृष्टी म्हणजे नावे ठेवणे असे समजू नये. श्रीखंडात दोष नसतो. श्रीखंडाकडून आपण जे मागतो, ते द्यायची त्याची ताकद नसते, हे दिसणे म्हणजे दोषदृष्टी. ती शांतपणे, पुन्हा पुन्हा, बऱ्या दिवसांतसुद्धा पाहत राहावी लागते. म्हणूनच स्मशानवैराग्य टिकत नाही. खासवाडीच्या स्मशानातून परतताना आम्ही सगळे गप्प असतो. "काय घेऊन जायचंय शेवटी" असे कुणीतरी म्हणते, आणि ते त्या क्षणी अगदी मनापासून असते. पण तो धक्का असतो, दृष्टी नसते. धक्का ओसरतो. जुन्या लोकांनी याची नावेच पाडून ठेवली आहेत. स्मशानातले ते स्मशानवैराग्य, बाळंतिणीच्या वेणांतले ते प्रसूतिवैराग्य, आणि कीर्तन-पुराण ऐकून उठताना येते ते पुराणवैराग्य. तिन्ही खरीच असतात, पण आयुष्य फार थोडे.

दुसरी फसगत गीतेने दुसऱ्या अध्यायात दाखवली आहे. उपाशी राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी उरते. ती गोडी परतत्त्व पाहिल्यावरच जाते. मधुमेह निघाल्यावर माझ्या वडिलांनी गोड सोडले. एकदाही मोडले नाही. पण न्यायमंदिराजवळून जाताना सेव-उसळीच्या गाडीवरचा तो तिखट तर्रीचा वास आला की पावले रेंगाळत. जिभेने एका दारातून बाहेर काढलेल्याला दुसऱ्या दाराने आत घेतले होते. ज्ञानेश्वर महाराजांनी याच श्लोकावर नेमके जिभेवर बोट ठेवले आहे. बाकीची इंद्रिये आवरली आणि रसनेला मोकळे सोडले, तर वरवर पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालत राहायचे, असे होते. झाड मरायचे कसे?

योगशास्त्रात या रंग उतरण्याच्या चार पायऱ्या सांगतात, यतमान, व्यतिरेक, एकेंद्रिय आणि वशीकार. नावे जड आहेत. मी त्या चारही पायऱ्या माझ्या आजीच्या अडकित्त्यात पाहिल्या, म्हणून तेच सांगते.

वाडा सोडून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये जायचे ठरले तेव्हा आजी ऐंशीच्या पुढे होती. सामान निम्म्याहून कमी करायचे होते. पहिले काही दिवस ती नुसती झटत होती. एक वस्तू देऊन टाकायची आणि संध्याकाळी परत मागवायची. हे यतमान, नुसता प्रयत्न. मग एके दिवशी तिने फडताळासमोर पाट घेतला आणि वाटणी केली. तांब्याचा बंब, पितळी तपेली, लग्नातली पैठणी, चांदीची अत्तरदाणी. "हे गेलं मनातून. हे गेलं. हे नाही गेलं अजून." कुठला रंग उतरला आणि कुठला उरला हे स्वतःशी स्वच्छ मोजणे, हा व्यतिरेक. माझ्या मते चारांत हीच पायरी सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत प्रामाणिक आहे. आपल्यापैकी बरेचजण तिथपर्यंत जातच नाहीत, कारण आपण सगळेच सोडले किंवा काहीच सुटत नाही, अशा दोनच भाषा आपल्याला येतात.

शेवटी तिच्याकडे एक अडकित्ता राहिला. पितळेचा, मोराच्या घाटाचा, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. तिच्या तोंडात दात नव्हते, सुपारी कधीच बंद झाली होती. पण रोज दुपारी ती पानाचा डबा उघडायची, अडकित्ता दोनदा नुसताच वाजवायची आणि परत ठेवायची. विषय संपला, इंद्रियही थकले, उरली मनातली एक उत्सुकता. एकेंद्रिय म्हणतात ते हे. सात-आठ महिन्यांनी तो डबा रिकामा दिसला. अडकित्ता तिने कामवाल्या मावशींच्या आईला दिला होता, त्या पान खात. मी विचारले, "आजी, कसा गं दिलास?" ती म्हणाली, "उगाचच उघडत होते मी डबा." आवाजात ना हुरहूर, ना आपण काही मोठे केले याचा ताठा. हा वशीकार, विषयाची ओढ पुरती ताब्यात आलेली. पतंजलींनी वैराग्याला "वशीकारसंज्ञा" म्हटले आहे, आणि त्यात पाहिलेले विषय येतात तसे केवळ ऐकलेलेही. शास्त्रातला ऐकलेला विषय म्हणजे स्वर्ग. आमच्याकडे तो बहुधा न्यू जर्सीतल्या घराचा असतो, न पाहिलेला, फोनवर ऐकलेला, तरी रात्री झोप उडवणारा.

आजीने पंचदशी वाचली नव्हती. तिचा रंग उतरला होता. मग तिला ज्ञान झाले होते का? ग्रंथाचे उत्तर "नाही" असे येते, आणि सुरुवातीला मला ते कठोर वाटले. वैराग्याने हात मोकळे होतात. मोकळ्या हातात काय येते, तो वेगळा प्रश्न आहे.

बोध येतो श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांतून. म्हणजे ऐकणे, शंका फिटेपर्यंत घोळवणे, आणि मग त्यातच मुरणे. त्याचे स्वरूप म्हणजे खरे काय आणि खऱ्यासारखे भासणारे काय, याची निवड. आणि खूण ही, की एकदा सुटलेली गाठ परत बसत नाही. गाठ कसली? "मी" आणि "माझे शरीर, माझे मन" यांची एकमेकांत बसलेली.

ही निवड म्हणजे काय, ते समजवायला विद्यारण्यांनी चित्राचा दाखला घेतला आहे. चित्रदीप हे नाव त्यावरूनच. कापड आधी धुतात, मग खळ लावून घोटतात, मग त्यावर रेषा काढतात, मग रंग भरतात. चित्रात माणसे उमटतात आणि त्या माणसांच्या अंगावर कपडे असतात. आता गंमतीची गोष्ट अशी, की चित्रातला कपडाही कापडच वाटतो आणि खालचे कापड तर कापड आहेच. दोन्ही सारखेच वाटतात, पण थंडीत एकच पांघरता येईल. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून काढवून घेतलेली. त्यांतल्या एखाद्या स्त्रीच्या साडीच्या निऱ्यांकडे टक लावून पाहा. जरीचा काठ बोटाला लागेल असे वाटते. मग हळूच मान वळवून चित्राच्या कडेला, चौकटीजवळ पाहा. तिथे सगळ्याखाली एकच ताणलेले कापड आहे. साडीखाली, हाताखाली, आकाशाखालीही तेच. साडी पुसली गेली नाही. ती कापड नाही, एवढे कळले. वेदान्त जग "मिथ्या" आहे म्हणतो ते या अर्थाने. चित्र नाही असे तो म्हणत नाही. चित्राला कापडापासून वेगळे अस्तित्व नाही, असे म्हणतो.

आणि ते खालचे कापड आपणच आहोत, हे कळणे म्हणजे बोध. इथे सातव्या प्रकरणातली दहाव्याची गोष्ट येते. दहाजण नदी उतरून पलीकडे जातात. कुणी वाहून गेले नाही ना, म्हणून एकजण मोजतो, नऊ भरतात. दुसरा मोजतो, नऊच. प्रत्येकजण स्वतःला सोडून मोजत असतो. मग रडारड, डोके बडवून घेणे. वाटेवरचा एक जाणता माणूस म्हणतो, "दहावा आहे." आधी हे नुसते ऐकीव ज्ञान. मग तो मोजणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "दहावा तूच." क्षणात शोक संपतो. विद्यारण्य यात सात अवस्था मोजून दाखवतात. अज्ञान, झाकोळ, त्यातून उठलेला कल्लोळ, ऐकून झालेले ज्ञान, साक्षात ज्ञान, दुःखाचे जाणे आणि तृप्ती. चांदोदला नर्मदेच्या घाटावर यात्रेकरू नावेतून उतरून एकमेकांना मोजताना मी पाहते, तेव्हा ही गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. दहावा कुठून आणावा लागला नाही, तो वाढवावाही लागला नाही, आणि कितीही उपवास केले असते तरी मोजणी चुकीचीच राहिली असती. वैराग्य एकटे का पुरत नाही, हे इथे कळते.

आता उपरती. ती येते यमनियमादी योगाच्या अभ्यासाने. स्वरूप, बुद्धीचा निरोध. खूण, व्यवहाराची ओहोटी. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या "विवेकचूडामणी"त तिची व्याख्या याहून सोपी आहे. वृत्तीने बाहेरच्या कशाचाही आधार न घेणे, ही उत्तम उपरती.

आधार न घेणे म्हणजे काय, याचा बडोद्यातच घडलेला एक प्रसंग आहे, आणि तो एका मराठी योग्याच्या हातून घडला. स्वातंत्र्य चळवळीतले पुढारी आणि पुढे योगी म्हणून ओळखले गेलेले अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. दांडिया बाजारातला त्यांचा बंगला आजही आहे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस उधळली आणि लगेच ते बडोद्यात आले. त्यांचे धाकटे भाऊ बारींद्र यांनी तार करून ग्वाल्हेरहून विष्णु भास्कर लेले यांना बोलावून घेतले. जानेवारी १९०८. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. बाहेर गावभर या पुढाऱ्याला भेटायला माणसे खोळंबली होती. लेल्यांनी सांगितलेली युक्ती अशी, बसा, विचार करू नका, नुसते मनाकडे पाहा; विचार बाहेरून आत शिरताना दिसतील, ते शिरायच्या आधीच परत लोटून द्या. विचार बाहेरून येतात, हे अरविंदांनी कधी ऐकले नव्हते. पण त्यांनी वाद घातला नाही. बसून पाहिले. मन वारा पडलेल्या डोंगरमाथ्यासारखे निश्चल झाले, आणि मग एकेक विचार खरोखरच बाहेरून येताना दिसू लागला. तीन दिवसांचे काम, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एका दिवसात झाले होते.

पुढचा भाग मला याहून मोलाचा वाटतो. १९ जानेवारीला मुंबईत त्यांचे भाषण होते. मन कोरे, बोलायचे काय? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणे येईल. ते आले. त्यानंतरची लिखाणे, भाषणे, राजकारण, सगळे त्या शांततेवरून चालत राहिले, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. अरविंदांचा मार्ग पुढे शांकर अद्वैतापासून वेगळा झाला, जगाला मिथ्या म्हणणे त्यांनी स्वीकारले नाही, हेही खरे. पण उपरती कशी असते, याचे इतके जवळून केलेले वर्णन दुसरे मला माहीत नाही. आपण समजतो, अंतर्मुख माणूस म्हणजे कोपऱ्यात बसलेला. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असते. आपण त्याला हात लावून पुढे जातो. इंद्रिये आवरणाऱ्याला गीतेने कासवाची उपमा दिली आहे; ते कासव आनंदात असले की अवयव पसरते आणि हवे तेव्हा आवरते, असे ज्ञानेश्वरांनी सांगितले आहे. दोन्ही त्याच्या हातात. कायम कवचात बसलेल्या कासवाला मेलेले म्हणतात.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगते, कारण ती मी जवळच्या घरात पाहिली आहे. कुणाचे जेवणावरून, माणसांवरून, आवडत्या कामावरून मन उडाले, झोप गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याला "वैराग्य आलंय" म्हणून हात जोडू नका. तो आजार असू शकतो. डॉक्टरकडे न्या. वैराग्यातला माणूस हलका असतो, उपरतीतला ताजा असतो. दुःखाच्या भीतीने किंवा अंगाला त्रास नको म्हणून केलेल्या त्यागाला गीताही राजस म्हणते, त्याचे फळ मिळत नाही म्हणते.

तर तिन्हींची कारणे वेगळी, रूपे वेगळी, फळे वेगळी. विवेकचूडामणी त्यांची साखळी करते. वैराग्याचे फळ बोध, बोधाचे फळ उपरती, उपरतीचे फळ शांती. पुढचे आले नाही तर मागचे वांझ. ऐकायला हे फार सुरेख आहे. पंचदशी असे म्हणत नाही. ती म्हणते, ही तिन्ही एकमेकांना साहाय्य करणारी आहेत, बहुधा एकत्र नांदतात, पण कधी कधी वेगवेगळी होतात. तिन्ही पूर्ण पिकलेली एकाच ठिकाणी आढळणे, हे मोठ्या तपाचे फळ. वैराग्य आणि उपरती पूर्ण आणि बोध अडलेला, तर मोक्ष नाही, पुण्यलोक मिळतो. बोध पूर्ण आणि बाकी दोन अडलेली, तर मोक्ष निश्चित, पण दिसणारे दुःख, म्हणजे रोजच्या जगण्यातली तगमग, जात नाही.

माझा कौल पंचदशीला आहे. साखळीचे चित्र मनात असले की माणसांबद्दलचे आपले हिशेब चुकतात. ही चूक मी स्वतः केली आहे.

आमच्या वाड्यात माडीवर अण्णा राहत. निवृत्त शिक्षक. दर गुरुवारी दुपारी पाच-सहाजणांपुढे पंचदशी वाचत. श्लोक तोंडपाठ, समजावणे असे की शाळकरी पोरालाही कळावे. आणि हेच अण्णा, जिन्यात कुणी चप्पल आडवी काढली की संतापायचे. वर्तमानपत्राची घडी मोडली की दुपारभर बोलत नसत. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. एका गुरुवारी सगळे गेल्यावर मी त्यांना तोंडावर विचारले, "अण्णा, तुम्ही एवढं सांगता, मग एवढे चिडता कसे?" विचारल्यावर माझेच हात गार पडले. ते चिडले नाहीत. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडले, चित्रदीपाचे ते शेवटचे श्लोक काढले आणि मला वाचायला लावले. प्रारब्ध ज्याचे त्याचे वेगळे, म्हणून ज्ञान्यांची वागणूकही वेगवेगळी. त्यावरून पंडितांनी शास्त्राच्या अर्थाबद्दल गोंधळू नये. ते म्हणाले, "मला बोध झालाय, असं मी म्हणत नाही हं. पण तो झालेला माणूस चिडत नाही, असं हा ग्रंथ म्हणत नाही, एवढं तुला दाखवलं."

मग त्यांनी दुसरे एक पान काढले, चौथ्या प्रकरणातले, कारण त्यांना मला अर्धवट सोडायचे नव्हते. तत्त्व जाणणारा मन मानेल तसा वागू लागला, तर अशुद्ध खाण्यात कुत्र्यात आणि त्याच्यात फरक काय, असे तिथे विद्यारण्य विचारतात. म्हणजे चिडण्याला सूट नाही. अण्णा म्हणाले, "चूक ती चूकच. जिन्यातल्या त्या मुलाची मी काल माफी मागितली."

तिन्हींच्या हद्दीही विद्यारण्यांनी आखून दिल्या आहेत. ब्रह्मलोक गवताच्या काडीसारखा वाटला की वैराग्याची हद्द झाली. "मी म्हणजे हे शरीर" ही आपली खात्री जितकी पक्की, तितकीच "मी परमात्मा" ही झाली की बोधाची. गाढ झोपेत जगाचा जसा विसर पडतो, तसा जागेपणी पडला की उपरतीची. अधल्यामधल्या पायऱ्या ज्याने त्याने ताडाव्यात. नारेश्वरच्या रंगावधूत महाराजांकडे मी याच नजरेने पाहते. घरचे मराठी, गोध्र्याला वाढलेले, टेंबे स्वामींचे शिष्य, नर्मदाकाठच्या रानात राहिलेले, अंगावर लंगोटी. आणि त्याच नारेश्वरात आई रुक्मांबेची सेवा. आई जवळ आहे म्हणजे वैराग्य कच्चे, असे म्हणणाऱ्याला रंग आणि कापड यांतला फरक कळलेला नाही.

दहाव्याच्या गोष्टीला एक शेपूट आहे, ते फार कमी लोक सांगतात. "दहावा तूच" हे कळल्यावर माणूस रडायचा थांबतो. पण रडताना त्याने डोके बडवून घेतले होते, त्याची जखम झालेली असते. ती लगेच बरी होत नाही. शिरोव्रण महिनाभराने, हळूहळू भरून येतो, असे विद्यारण्य लिहितात. जखम दुखते म्हणून दहावा पुन्हा हरवत नाही. आणि दहावा सापडला म्हणून जखम दुखायची थांबत नाही.

अण्णांचा तो श्लोक वाचण्याचा गुरुवार मला आठवतो. काकूंना जाऊन तीन वर्षे झाली होती. पावसाची दुपार होती, आम्ही चौघीच होतो. त्यांनी अर्थ सांगितला, पुस्तकात खूण म्हणून बेलाचे पान ठेवले, चष्मा काढला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सवयीने हाक मारली, "अगं, पाच कप टाक." आतून पागोळ्यांचा आवाज तेवढा आला. आम्ही कुणी वर पाहिले नाही. अण्णा थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनी कपाळाला हात लावला, "शिरोव्रण," असे हळू म्हणाले, आणि चहा टाकायला स्वतः उठले.